तीनशे एकोणसाठ दाते

रूपराव येळण्यांच्या दुकानावर पाटी नव्हती. पाटी कायले पाह्यजे, असं ते म्हणायचे. सिंदी मेघेच्या वळणावर आलं की त्यांच्या लेथचा आवाज ऐकू यायचा, आणि ज्याचं काम अडलं असेल तो त्या आवाजामागं बरोबर यायचा. कोणाच्या पंपाचा शाफ्ट झिजलेला, कोणाच्या गिरणीचा बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ती नळी, गेलेला. कधी तर थेट कारंज्याच्या हायवेवरून ट्रकवाल्यानं तुटकी पिन एस.टी.च्या कंडक्टरकडं पाठवलेली असायची. रूपराव तुटका तुकडा हातात घ्यायचे, त्यावरून अंगठा फिरवायचे आणि म्हणायचे, "उद्या चार वाजता येजो." चार म्हणजे चार. पावणेचारला आलेल्याला बसवून ठेवायचे आणि चहासुद्धा विचारायचे नाहीत. असा तिरसट माणूस. पण त्यांनी कातलेला बुश कोणी परत आणून दिला, असं तेवीस वर्षांत एकदाही झालं नव्हतं.

आता असं नाव सांभाळणं किती जिवावरचं असतं, ते ज्याला नावच नाही त्याला कळायचं नाही. शहाण्णवच्या दिवाळीत रूपराव साठीला आले होते आणि थकले होते. आजारी नव्हते हो. ताप नाही, खोकला नाही. पण दिवसभर लेथपुढं उभं राहून संध्याकाळी पाय सुजायचे, व्हर्निअरची मापपट्टी वाचायला चष्मा कपाळावर चढवून ती डोळ्याशी न्यावी लागायची, आणि सकाळी कुलूप उघडताना किल्ली हातात धरून ते क्षणभर उगाच उभे राहायचे. मुलगा कैलास सावंगीच्या दवाखान्यात मशिनरीच्या देखभालीवर होता. तो अधूनमधून म्हणायचा, "बाबा, गिऱ्हाईक हाय माह्याजवळ. लेथ देऊन टाका." त्यावर रूपराव एकच वाक्य बोलायचे, "हात हाय तोवर लेथ हाय." मग कैलास गप्प बसायचा, कारण वडिलांशी वाद घालण्याची त्या घरात पद्धत नव्हती.

अशात एके दिवशी मधुकरराव आले. वर्ध्याच्या बाजारात त्यांचं कापडाचं दुकान. दोन पिढ्यांचा धंदा, पण ह्या माणसाचं लक्ष साड्यांपेक्षा आभाळात. गल्ल्यामागं बसून त्यांनी दीड वर्ष काचेवर काच घासली आणि दुर्बिणीचा आरसा घरी तयार केला. गिऱ्हाईक बाई म्हणायची, "सेठजी, ते वांगी रंगाचं दाखवा," आणि सेठजी म्हणायचे, "नलूबाई, जरा तुम्हीच काढून घ्या, माझे हात पावडरचे आहेत." लोक हसायचे. सुलोचनाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, हात टेकले होते.

मधुकररावांनी पिशवीतून एक लहानशी मोटर काढून लेथच्या पाटावर ठेवली.

"हे काय?" रूपराव म्हणाले.

"आमच्या शोकेसमधली बाहुली फिरवायची मोटर. साडी नेसवलेली बाहुली नाही का, गोल गोल फिरते? तिची. मिनिटाला एक फेरा."

"अन् बाहुली?"

"ती आता उभीच राहते. रूपरावजी, एक धूमकेतू येऊन राह्यला. मार्चात दिसंल, एप्रिलात तर भरात येईल. मले त्याचे फोटो काढाचे आहेत. पण फोटोला दहा मिनिटं लागतात, अन् दहा मिनिटांत पृथ्वी फिरून जाते, तारा दुर्बिणीतून निसटते. दुर्बीण ताऱ्यामागं हळूहळू फिरली पाह्यजे. हातानं नाही जमत. ह्या मोटरीनं फिरवायची. तुम्ही चाक करून द्या."

मग कागद काढला. मोटरचा एक फेरा मिनिटाचा. गिअर टाकून तो चार मिनिटांचा करायचा. त्यावर एक वर्म, म्हणजे आटे पाडलेला दांडा, आणि त्या दांड्यानं फिरणारं एक मोठं दात्यांचं चाक. दांड्याचा एक फेरा झाला की चाकाचा एक दाता पुढं. आणि चाकाला दाते तीनशे एकोणसाठ.

"तीनशे साठ काऊन नाई?" रूपरावांनी विचारलं. "तीनशे एकोणसाठ हा काय आकडा झाला?"

"दिवस आपला चोवीस तासांचा. ताऱ्यांचा फेरा चार मिनिटं आधी संपते. चार गुणिले तीनशे एकोणसाठ, झाले चौदाशे छत्तीस मिनिटं. तेवढंच पाह्यजे. एक दाता कमी नाही, एक जास्त नाही."

"एक इकडंतिकडं झाला तं?"

"तर तारा निसटला."

रूपरावांनी कागद उलटा करून पुन्हा सुलटा केला. उभ्या आयुष्यात लोकांनी त्यांच्याकडं कामं आणली ती 'जरा बसेल असं करा' किंवा 'काम चाललं पाहिजे' अशी. चालवून घ्यायची जिथं सोयच नाही, असं काम पहिल्यांदाच दारात आलं होतं. त्यांना ते आवडलं, आणि आवडलं म्हणून त्याची भीतीही वाटली. रात्री जेवताना ते मनकर्णाबाईंना म्हणाले, "हे चाक जमलं तं दुकान राहीन. नाई जमलं तं माहा हात गेला समजायचं, अन् लेथ कैलासच्या गिऱ्हाइकाले देऊन टाकायचा."

"तुमच्या हाताले काय धाड भरली?" मनकर्णाबाई म्हणाल्या. "वाढू का भात?"

पण बोललेलं बोललेलं. रूपरावांच्या मनानं ते पक्कं धरलं.

त्यांनी आधी मोटर तपासली. पाडव्याचा दिवस होता. बाकी दिवशी दुकानात श्वास घ्यायला फुरसत नसायची, म्हणून पाडवा. सगळा बाजार बंद, कापसाचं जिनिंग बंद, रस्ता सामसूम. त्यांनी मोटरीच्या दांड्याला खडूची खूण केली आणि खिशातलं घड्याळ पुढं ठेवलं. दहा फेऱ्यांना दहा मिनिटं लागली. मोटरीच्या पत्र्यावर लिहिलं होतं तसंच. मोटरीबद्दलची शंका त्यांनी त्या दिवशी मनातून काढून टाकली, ती कायमची.

मग चाक. जुन्या पंपांचे गनमेटलचे, म्हणजे पितळेसारख्या धातूचे, झिजलेले बुश त्यांनी वर्षानुवर्षं डब्यात टाकून ठेवले होते. ते कासाराकडं नेऊन वितळवून घेतले, आणि पावणेसहा इंचाची एक जाड चकती ओतून आणली. तिच्या एका अंगाला मोहरीएवढं भोक राहिलं होतं, हवेच्या बुडबुड्याचं. चालण्याच्या कामाचं नव्हतं ते, नुसतं दिसायला वाईट. रूपरावांना ते दिसायचं आणि दर वेळी ते तोंड वाकडं करायचे.

दाते पाडायचं मोठं मशिन सिंदी मेघेत कुठून येणार? रूपरावांनी आपली युक्ती केली. आटे पाडायचा आठ नंबरचा टॅप लेथच्या फिरत्या पकडीत, चकमध्ये, धरला. समोर ती चकती एका खिळीवर मोकळी ठेवली, नुसती फिरती. टॅप फिरायला लागला की चकतीला खात खात तिला आपल्याबरोबर फिरवत नेतो, आणि फेरा पूर्ण झाला की तिच्या काठावर दाते उमटतात. किती उमटतील ते चकतीच्या जाडीवर नाही, घेरावर. घेर केसभर मोठा राहिला तर तीनशे साठ, अजून मोठा तर एकसष्ट. म्हणून आधी नुसते ओरखडे पाडायचे, मोजायचे, घेर केसभर कमी करायचा, पुन्हा ओरखडे, पुन्हा मोजणी.

मोजायला मनकर्णाबाई बसायच्या. त्यांची नजर चांगली होती. दर दहा दात्यांवर त्या कुंकवाचा बारीक ठिपका ठेवायच्या. पहिल्या दिवशी तीनशे एकसष्ट. दुसऱ्या दिवशीही एकसष्ट. चौथ्या दिवशी साठ. नवव्या दिवशी मनकर्णाबाईंनी दोनदा मोजलं, मग तिसऱ्यांदा उलट्या बाजूनं मोजलं, आणि म्हणाल्या, "एकोणसाठ. आता हात लावाल तं पाह्यजा." रूपरावांनी खोल काप घेतला. संध्याकाळी चाकावरून अंगठा फिरवला तर कुठं म्हणून अडकला नाही. त्या रात्री त्यांना गाढ झोप लागली, आणि पाय दुखतात हे ते बोललेसुद्धा नाहीत.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात धूमकेतू पहाटेचा पूर्वेला दिसायचा. मधुकररावांच्या गच्चीवर दुर्बीण मांडली, मोटर जोडली. मधुकररावांनी दुर्बिणीच्या डोळ्यात आडवी-उभी तार बसवली होती, तिच्या बरोबर मध्यावर एक तारा आणला आणि म्हणाले, "पाहा." रूपरावांनी डोळा लावला. पाच मिनिटांनी तारा तारेवर नव्हता. दुर्बीण ताऱ्याच्या पुढं पळत होती.

"जास्त पळते," मधुकरराव हळूच म्हणाले.

मार्च सरता सरता धूमकेतू संध्याकाळी पश्चिमेला आला. लोक जेवणाआधी गच्चीवर जाऊन बघायचे, लेकरांना दाखवायचे. तेव्हा पुन्हा तपासलं, तर उलटंच. आता दुर्बीण मागं राहात होती. पहाटे पुढं, संध्याकाळी मागं. तेच चाक, तीच मोटर.

पहाटे चाकाची एक बाजू दांड्यावर असायची, संध्याकाळी दुसरी. रूपरावांनी त्याचा अर्थ लगेच लावला. ज्यानं जन्मभर धातू कापला त्याला दुसरा अर्थ सुचणारही नव्हता. एका बाजूचे दाते दाट पडलेत, दुसऱ्या बाजूचे विरळ. हात एकसारखा चालला नाही. मोजून तीनशे एकोणसाठ असतील, पण सारखे नाहीत.

मधुकररावांना विजेची शंका आली होती, हे खरं. "व्होल्टेज कमी-जास्त होते, त्यानं तर नसेल?" असं म्हणून त्यांनी चांगला जड स्टॅबिलायझर विकत आणला. त्याचा काटा दोनशेवीसवर ठाम बसला. दुर्बीण तरीही मागंच. म्हणजे वीज सुटली निर्दोष, आणि राहिला तो रूपरावांचा हात.

त्यांनी दुसरं चाक केलं. पुन्हा बुश वितळवले, पुन्हा ओरखडे, पुन्हा कुंकवाचे ठिपके. बाकीची कामं पडून राहिली. चारचा वायदा पाचवर गेला, मग उद्यावर गेला, आणि लोक काही न बोलता दुसरीकडं जायला लागले. दुसरं चाकही पहाटे पुढं, संध्याकाळी मागं. तिसरं केलं तेव्हा एप्रिल अर्धा संपला होता. ऊन असं की दुपारी लेथच्या पाटावर हात ठेवता येत नव्हता. तिसऱ्या चाकावर काढलेला फोटो मधुकररावांनी धुऊन आणला. धूमकेतू होता, पण पुसट, जाडा, आणि त्याच्या भोवतालचे तारे तांदळाच्या दाण्यासारखे लांबट.

"अजून एकदा करून पाहू," मधुकरराव म्हणाले. "माझी काही घाई नाही."

"धूमकेतूले हाय ना," रूपराव म्हणाले.

खरं तर मधुकररावांनी एका शब्दानंही त्यांना दोष दिला नव्हता. कैलासनंही नाही. मनकर्णाबाईंनी तर तिन्ही चाकं स्वतः मोजली होती, त्या म्हणत होत्या, "मले तं काई खोट दिसत नाई." पण रूपराव कोणाचं ऐकायच्या पलीकडं गेले होते. अखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, दिवशी कैलासच्या ओळखीचा गिऱ्हाईक टेम्पो घेऊन आला. चार माणसांनी लेथ उचलून चढवला. त्याच्या खालची जमीन तेलानं काळी झालेली होती, तेवढी दुकानात राहिली. मधुकरराव धावतपळत आले, तोवर टेम्पो निघून गेला होता. ते म्हणाले, "अहो, विकला काऊन?" रूपरावांनी तिन्ही चाकं एका पोत्यात घालून त्यांच्या हाती दिली आणि आत जाऊन आडवे झाले.

त्यानंतरची सात वर्षं सांगण्यासारखी नाहीत. कैलासच्या ओळखीनं सावंगीला मुलांच्या होस्टेलवर रात्रपाळीच्या चौकीदाराचं काम मिळालं. रात्री आठ ते सकाळी आठ, एक खुर्ची, एक काठी. रूपराव काम चोख करायचे, पण हाताला काही लावायचे नाहीत. घरात खिळा ठोकायचा झाला तर शेजारच्या महादेवरावांना बोलवायचे. तव्याची मूठ ढिली झाली तर मनकर्णाबाई सुतळी बांधायच्या. एकदा होस्टेलचा पाण्याचा पंप बंद पडला आणि मुलं म्हणाली, "काका, तुम्ही तर लेथवाले होते म्हणे, पाहा ना." रूपराव म्हणाले, "तो मानूस दुसरा." मुलांना वाटलं, म्हातारा गंमत करतो. म्हातारा गंमत करत नव्हता. आपला हात खोटा निघाला, आणि जगाला कळायच्या आत आपण तो झाकून ठेवला, असं तो सात वर्षं मनाशी घोकत होता.

दोन हजार चारच्या जूनची आठ तारीख. शुक्राचा ठिपका सूर्यावरून जाणार होता, सव्वाशे वर्षांत पहिल्यांदा, पेपरात रोज येत होतं. रूपरावांना त्याचं काही नव्हतं. रात्रपाळी करून आले, आंघोळ केली, रेशनच्या दुकानात गेले, आणि बाराच्या सुमाराला पिशवी घेऊन परतताना शाळेच्या पटांगणात गर्दी दिसली. मंडप टाकला होता. बाया, माणसं, शाळेच्या पोरी रांगेत उभ्या होत्या. मंडपाच्या कडेला उन्हात मधुकररावांची दुर्बीण होती.

रूपराव वळून निघणार होते, पण पाय थांबले. दुर्बिणीच्या मागं एक पांढरा पुठ्ठा लावला होता. त्यावर ताटलीएवढा सूर्य पडला होता आणि सूर्यावर मसुरीच्या दाण्याएवढा काळा ठिपका. सगळे तो ठिपका बघत होते. रूपराव सूर्याची कड बघत होते. पुठ्ठ्यावर कोणीतरी पेन्सिलीनं सूर्याहून थोडा मोठा गोल आखून ठेवला होता आणि सूर्य त्या गोलात बसला होता. रूपराव रांगेच्या बाहेर उभे राहिले. दहा मिनिटं गेली, वीस गेली, अर्धा तास गेला. दुर्बिणीला कोणी हात लावला नाही. सूर्य गोलाबाहेर गेला नाही.

त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि पुढं जाऊन वाकून खालचं चाक पाहिलं. गनमेटलचं, तेलानं काळपट झालेलं. एका अंगाला मोहरीएवढं भोक.

"हे तं माहं चाक हाय," ते मोठ्यानं म्हणाले. "पह्यलं."

मधुकरराव पोरींना समजावून सांगत होते. त्यांनी मागं पाहिलं आणि त्यांच्या तोंडातलं वाक्य अर्धंच राहिलं. शेजारी विजेच्या सब-स्टेशनवरचे बबनराव स्टुलावर बसले होते. त्यांच्या पायाशी ट्रकची बॅटरी होती, तिला जोडलेली एक पत्र्याची पेटी होती, आणि पेटीतून वायर बाहुलीच्या मोटरीला गेली होती.

"तुमचंच ना, रूपराव!" बबनराव खुशीत म्हणाले. त्यांना काय ठाऊक बिचाऱ्यांना. "चाक एक नंबर हाय तुमचं. घोळ लाइनचा होता. लाइन सेकंदाले पन्नास ठोके देते असं आपन धरतो. पन आमच्याकडं काटा असते, त्यावर दिसे. संध्याकाळी सगळे लाइट-पंखे लावत तं अठ्ठेचाळीस ठोक्यांवर ये. पहाटे कोनी नसे तं एक्कावन्नवर पळे. अन् ही मोटर त्या ठोक्यांवर चालते. व्होल्टेज कितीबी सारखं करा, हिले फरक नाई पडत. म्हनून ही पेटी करून घेतली रेडिओवाल्याकडून, ते पक्के पन्नास देते."

"हे कवा समजलं?" रूपरावांनी विचारलं.

"अरे, सत्त्याण्णवलेच! सेठजी आलते ना माह्याकडं. अखाजी झाल्यावर आठ दिवसांनी."

मंडपात कोणी तरी हसलं, कोणी पोराला ओरडलं. रूपराव मधुकररावांकडं बघत होते. मधुकरराव पुठ्ठ्याकडं बघत होते.

"सेठजी," रूपराव म्हणाले, "सात वर्षं झाले."

मधुकररावांनी टोपी काढून हातात धरली. "लेथ निघून गेलता, रूपरावजी. म्हटलं आता सांगून काय फायदा, उगाच जीव जळेल तुमचा. दोनदा आलो घरी. दोन्ही वेळा दारापासून परत गेलो. मग एक वर्ष झालं. मग वाटलं, एक वर्ष काऊन नाही सांगितलं म्हणून विचाराल. मग दोन झाले."

"लेथ गेलता," रूपराव म्हणाले. "हात तं होता ना."

त्यांना ओरडायचं होतं, पण आवाज बाहेर आला तो नेहमीचाच. ह्या माणसानं रोज संध्याकाळी आपल्या चाकावर तारे बघितले आणि आपण तिकडं काठी घेऊन खुर्चीवर बसलो. आपल्या तव्याच्या मुठीला सुतळी होती, आणि इथं आपलं चाक केसभर चुकत नव्हतं. त्यांना मधुकररावांची कॉलर धरावीशी वाटली. पण रांगेत तीस-चाळीस पोरी उभ्या होत्या आणि त्यांना अजून तो ठिपका बघायचा होता.

रूपराव जाऊन शाळेच्या पायरीवर बसले. डोळ्यांत रात्रपाळीची झोप, डोक्यावर ऊन, बाजूला रेशनची पिशवी. कोणीतरी पाणी आणून दिलं. कोणी म्हणालं, घरी जा, ते म्हणाले, "आखरीपर्यंत पाह्यतो." पाच वाजायला आले तेव्हा ठिपका सूर्याच्या कडेला लागला आणि निघून गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. रूपराव उठले, पुठ्ठ्याजवळ गेले. एवढ्या वेळात सूर्य पेन्सिलीच्या रेघेला एका बाजूनं जेमतेम टेकला होता.

"तेवढा फरक राहणारच," मधुकरराव घाईघाईनं म्हणाले. "चाक ताऱ्यांच्या हिशेबाचं आहे, सूर्य जरा हळू चालते. तुमच्या चाकात खोट नाही." मग थांबून म्हणाले, "मी लेथ घेऊन देतो तुम्हाले. नवा. उद्या नागपूरला जाऊ."

"अडुसष्टाव्या वर्षी?" रूपराव म्हणाले, आणि पिशवी उचलून निघाले.

घरी मनकर्णाबाई दारातच उभ्या होत्या, दिवसभर कुठं होते म्हणून. रूपरावांनी बसल्याबसल्या सगळं सांगितलं. ऐकता ऐकता मनकर्णाबाईंचा चेहरा लाल झाला.

"मुर्दा बसला त्या कपडेवाल्याचा! सात वर्षं मानसाले असं ठेवलं? थांबा, मी जातो अन् त्याच्या दुकानात उभी राहून विचारतो. सुलोचनाबाईलेबी विचारतो, तुमाले तरी ठावकं होतं का म्हनून."

"बस," रूपराव म्हणाले.

"बस काय बस?"

"बस म्हनतो ना." त्यांनी पाय लांब केले. मग म्हणाले, "मोटर म्या पाडव्याले तपासली होती. बाजार बंद, घरचे लाइट तेवढे चालू, लाइनवर ओझं ना कमी ना जास्त, म्हनून ते बरोबर चालली. मार्चात एकदा तरी घड्याळ लावून पाह्यली असती तं दोन मिन्टांत समजलं असतं. घड्याळ खिशातच होतं. तीन-तीन चाकं केले, पन मोटरीसमोर घड्याळ नाई ठेवलं. काऊन नाई ठेवलं, सांग?"

मनकर्णाबाईंनी रेशनची पिशवी उचलून बाजूला ठेवली.

"थकलो होतो मी. लय थकलो होतो. सकाळी कुलूप उघडाले जीव होत नोता. कोनीतरी बंद कर म्हनावं असं वाटे. पन कोनी नाई म्हनलं. मंग हाताच्या नावावर टाकलं. हात गेला म्हनलं तं कोनी काई विचारत नाई. सेठजीनं लपवलं ते लपवलंच, मी नाई सोडत त्याले. पन हात गेला असं मले कोनंच म्हनलं नोतं. मीच म्हनलं."

मनकर्णाबाई त्यांच्याजवळ खाली बसल्या. त्यांचा राग अजून उतरला नव्हता, पण तो आता कापडाच्या दुकानाकडं वळायचा थांबला होता.

"मंग थकलो म्हनून सांगाले काय लाज होती?" त्या म्हणाल्या. "मले सांगतलं असतं तं मी म्हनली असती ना, बंद करा म्हनून."

साडेसहा वाजत आले होते आणि आठची ड्युटी होती. मनकर्णाबाई उठून भाकरी टाकायला आत गेल्या.